तीस खेळाडू, साडेपाच कोटी संघ

तीस संभाव्य खेळाडूंची यादी घ्या आणि तिच्यातून अकरा जणांचा संघ काढा. असे किती वेगवेगळे संघ निघतील? विचारलं तर बहुतेक जण काही हजारांवर थांबतात. उत्तर आहे ५ कोटी ४६ लाख २७ हजार ३००. २०११ च्या जनगणनेत विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या होती साधारण २ कोटी ३० लाख. म्हणजे गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत प्रत्येक बाईला-माणसाला, म्हाताऱ्याकोताऱ्याला, पाळण्यातल्या लेकरालासुद्धा दोन-दोन संघ वाटले आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नसला, तरी ८६ लाख संघ शिल्लक उरतील.

सप्टेंबर सरत आला, सोयाबीनच्या शेंगा भरल्या की विदर्भाच्या रणजी संघाच्या निवडीचे दिवस येतात. मग वाशिमच्या पाटणी चौकात, रिसोडच्या बसस्टँडवर, कारंज्याच्या चहाच्या टपऱ्यांवर जी चर्चा झडते ती या साडेपाच कोटींच्या आतच कुठेतरी चाललेली असते. शेजारी बसलेल्या दोघांचे संघ तंतोतंत जुळत नाहीत यात नवल नाही. एकेका संघावर फक्त एक मिनिट बोलायचं ठरवलं आणि झोप, जेवण, शेती सगळं बाजूला ठेवलं, तरी या यादीला जवळजवळ १०४ वर्षं लागतील. रणजी करंडक १९३४ साली सुरू झाला. त्या वर्षी कोणी बोलायला बसलं असतं तर आज ते बोलतच असतं आणि उठायला २०३८ साल उजाडलं असतं.

जाणकार इथे हरकत घेतील आणि ती रास्त आहे. कोणतेही अकरा चालत नाहीत, सगळेच गोलंदाज घेऊन मैदानात उतरता येत नाही. ठीक आहे, घडी नीट बसवू. तीस जणांत ३ यष्टिरक्षक, १२ फलंदाज, ९ वेगवान गोलंदाज आणि ६ फिरकीपटू आहेत असं धरू. संघात १ यष्टिरक्षक, ५ फलंदाज, ३ वेगवान आणि २ फिरकीपटू हवेत. आता सगळे संघ शहाणपणाचे, एकही अडाणी नाही. तरी संख्या येते २९ लाख ९३ हजार ७६०. वाशिम जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६०. जिल्ह्यातल्या माणशी अडीच संघ, आणि प्रत्येक संघाच्या बाजूने बोलता येईल असं काहीतरी त्याच्यात आहे.

फलंदाजीचा क्रम तर अजून यात धरलेलाच नाही. एकदा ठरलेले अकरा जण ३ कोटी ९९ लाख १६ हजार ८०० वेगवेगळ्या क्रमांनी खेळायला पाठवता येतात. तीसमधून अकरा निवडण्याचे मार्ग आणि त्यांना क्रम लावण्याचे मार्ग यांचा गुणाकार केला की आकडा सोळा अंकी होतो. लहानपणी पाठ केलेलं एकं-दहं-शतं म्हणत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी ओलांडून पुढे जायचं, तेव्हा हा आकडा वाचता येतो: २ अंत्य, १ जलधी, ८ शंकू आणि वर आणखी काही. रोजच्या व्यवहारात ही नावं कधी लागत नाहीत. पण कोण सलामीला यावं आणि कोण सहाव्या क्रमांकावर, या साध्या प्रश्नाच्या मागे ती उभी आहेत.

सामन्याच्या दिवशी सकाळी प्रशिक्षक आणि कर्णधाराच्या हातात पंधरा जण असतात असं धरू. पंधरातून अकरा निवडण्याचे मार्ग १,३६५. पंधराचे सतरा केले तर हेच मार्ग होतात १२,३७६. दोनच नावं वाढली आणि पर्याय नऊपट झाले. निवडीच्या गणिताचा हा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे: यादीत थोडी भर पडली की शक्यता भराभर फुगतात. म्हणून माझ्या मते अंतिम अकरांपेक्षा संभाव्य यादी कोण करतं आणि ती करताना त्याची नजर कुठवर पोचते, हा जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे. टपरीवर मात्र भांडण होतं ते अकराव्या नावावरून.

त्या भांडणाला कधीकधी मोठा अर्थ असतो. २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात नागपूरच्या जामठा मैदानावर विदर्भासमोर केरळ होता. उपांत्य सामन्यात खेळलेला अकोल्याचा सलामीवीर अथर्व तायडे अंतिम सामन्यात नव्हता. त्याच्या जागी अष्टपैलू अक्षय कर्णेवार आला आणि सलामीला ध्रुव शौरीबरोबर पार्थ रेखडे गेला. रेखडे दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर पायचीत झाला. थोड्याच वेळात विदर्भ ३ बाद २४. वाशिम १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत तो अकोल्यातच होता, त्यामुळे अकोल्याचं पोरगं म्हणजे इकडच्या लोकांना आपलंच. "अथर्वले काऊन काढलं?" हा प्रश्न त्या सकाळी सगळ्या वऱ्हाडात विचारला गेला असणार.

मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या. मालेवारने १५३ धावा काढल्या त्या २८५ चेंडूंत. विदर्भ ३७९, केरळ ३४२, पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी. दुसऱ्या डावात नायरचं शतक झालं, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या त्या आघाडीवर २ मार्च २०२५ ला करंडक विदर्भाकडे आला. निवड चुकली असं आता कोण म्हणेल? आणि बरोबर होती असं तरी कोण सिद्ध करेल? आपल्या हिशेबातले बाकी १,३६४ संघ त्या दिवशी खेळलेच नाहीत.

पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच जामठ्यावर इराणी करंडकाचा सामना झाला, विदर्भ विरुद्ध शेष भारत. तायडे सलामीला आला आणि त्याने १४३ धावा केल्या. विदर्भाने ९३ धावांनी सामना जिंकला, सामनावीर तायडे. सात महिन्यांपूर्वी वगळलेला खेळाडू तोच, मैदान तेच. मी हे निवड समितीला दोष द्यायला सांगत नाही. गुणी खेळाडूची जागा किती बारीक धाग्यावर लटकत असते, ते यातून दिसतं म्हणून सांगतो.

हा धागा किती बारीक असतो ते केरळला विचारावं. ते अंतिम सामन्यात पोचले ते उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात १ धावेची आघाडी घेऊन आणि उपांत्य फेरीत गुजरातवर २ धावांची आघाडी घेऊन. गुजरातचा शेवटचा गडी तर असा गेला की फलंदाजाने मारलेला चेंडू जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळला, वर उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. गोलंदाज होता आदित्य सरवटे. हा सरवटे मूळचा विदर्भाचा. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध ११ बळी घेऊन त्यानेच विदर्भाला दुसऱ्यांदा करंडक मिळवून दिला होता. २०२४-२५ च्या मोसमात तो केरळकडून खेळत होता. विदर्भाच्या संघात डावखुऱ्या फिरकीचं काम हर्ष दुबेकडे होतं आणि त्याने १० सामन्यांत ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात तोवर कोणीही इतके बळी घेतलेले नव्हते. दहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे जास्तीत जास्त २०० गडी बाद करता येतात, त्यातले एकतृतीयांशाहून जास्त एकट्याचे.

विदर्भ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये. पहिला करंडक आला २०१७-१८ च्या मोसमात, इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून, १ जानेवारी २०१८ ला. कर्णधार फैझ फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक. साठ वर्षं एकही नाही आणि त्यानंतरच्या आठ वर्षांत तीन. या साठ वर्षांत विदर्भात खेळाडू जन्मतच नव्हते असं मी मानत नाही.

आता मोसमापूर्वीच्या तयारीकडे वळू, कारण चौकातल्या लोकांना धावा आणि बळी दिसतात, घाम दिसत नाही. तंदुरुस्तीची यो-यो चाचणी जवळून बघा. वीस मीटरवर दोन खुणा ठेवतात. भोंगा वाजला की जायचं, दुसऱ्या भोंग्याच्या आत खुणेला पाय लावायचा, वळायचं आणि तिसऱ्या भोंग्याच्या आत परत यायचं. चाळीस मीटर झाले की दहा सेकंद थांबा, मग पुन्हा. भोंग्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं. दोनदा उशीर झाला की नाव बाद. २०१७ च्या सुमारास भारतीय संघासाठी १६.१ ही पायरी ठरवली होती. तिथे पोचायला २८ फेऱ्या लागतात, म्हणजे १,१२० मीटर. सगळं सव्वानऊ मिनिटांत आटोपतं. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण शेवटच्या फेऱ्यांत वेग ताशी साडेपंधरा किलोमीटरवर जातो आणि दर वीस मीटरवर पूर्ण थांबून उलटं वळावं लागतं. अठ्ठाविसाव्या फेरीत पोरगं वळताना हात गुडघ्यावर टेकू पाहतं, घोट्याखालची माती सरकते, आणि भोंगा कोणासाठी थांबत नाही. शिवाय दोन किलोमीटरची धाव वेगळी. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने वेगवान गोलंदाजांना त्यासाठी ८ मिनिटं १५ सेकंद दिली, बाकीच्यांना १५ सेकंद जास्त.

वेगवान गोलंदाजाचा एक दिवस मांडून बघा. अठरा षटकं टाकली की १०८ चेंडू. धाव पंचवीस मीटरची धरली तर २,७०० मीटर जोरात पळणं आणि तितकंच चालत मागे जाणं. चेंडू सोडताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपट भार येतो असं धरलं, तर सत्तर किलोच्या पोराच्या एका गुडघ्याने दिवसभरात ३७ टन ८०० किलो भार झेलला. रणजीची साखळी सात सामन्यांची, प्रत्येक सामना चार दिवसांचा. पुढचे तीन बाद फेरीचे सामने पाच-पाच दिवसांचे. करंडक जिंकायचा तर ४३ दिवस मैदानावर राहायची तयारी हवी. दिवसाला ९० षटकं धरली तर हे जास्तीत जास्त २३,२२० चेंडू होतात.

मोसमापूर्वीच्या या तयारीला लोकांनी किती जीव लावावा याचं एक टोक ऑस्ट्रेलियात बघायला मिळतं. तिथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल नावाचा खेळ आहे. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला १८ खेळाडू, आणि मैदानाची लांबी १८५ मीटरपर्यंत. मोसम संपला की नोव्हेंबरपासून उन्हाळी सराव सुरू होतो. तेव्हा पाठीराखे कुंपणाला टेकून नुसता सराव बघायला उभे राहतात. कोण दोन किलोमीटरच्या धावेत पुढे आला, कोण दुखापतीमुळे वेगळा पळतोय, नव्याने घेतलेल्या अठरा वर्षांच्या पोराचा डावा पाय कसा आहे, यावर घरोघरी वाद होतात. त्यांची सर्वोच्च स्पर्धा १८ क्लबांची आहे, त्यातले नऊ एकट्या मेलबर्न शहरात. मेलबर्नच्या मोठ्या मैदानाची क्षमता १,००,०२४. आपलं जामठा ४५ हजारांचं. वाशिम शहराची २०११ ची सगळी लोकसंख्या, सुमारे ७८ हजार, त्या मेलबर्नच्या मैदानात नेऊन बसवली तरी २१ हजारांहून जास्त खुर्च्या मोकळ्या राहतील.

आता या लेखातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा हिशेब. तिथे प्रत्येक क्लब सामन्यासाठी २३ खेळाडू जाहीर करतो. १८ क्लब गुणिले २३, म्हणजे पूर्ण फेरीत ४१४ जागा. आपल्या रणजीत २०२४-२५ मध्ये ३८ संघ होते. ३८ गुणिले ११, म्हणजे ४१८ जागा. दोन्ही आकड्यांत फक्त चाराचा फरक. पण ते ४१४ जण निवडले जातात सुमारे २ कोटी ७० लाखांच्या देशातून आणि आपले ४१८ जण १४० कोटींच्या. तिकडे ६५ हजार लोकांमागे एक जागा, इकडे ३३ लाखांहून जास्त लोकांमागे एक. आणि त्या देशात क्रिकेट, रग्बी, पोहणं, सगळं याच्या शेजारी वेगळं चालतंच.

ऑस्ट्रेलियाचं ते प्रमाण वाशिम जिल्ह्याला लावून पाहिलं. ११ लाख ९७ हजारांना ६५ हजारांनी भागलं. उत्तर अठरा. त्यांच्या मापाने वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतून सर्वोच्च दर्जाचे अठरा खेळाडू निघायला हवेत. त्यांच्या खेळाचा अख्खा संघच झाला तो. आपल्या मापाने किती? विदर्भाच्या अकरांत लोकसंख्येनुसार वाशिमचा वाटा येतो ०.५७. अर्ध्या खेळाडूहून थोडा जास्त.

कोणी म्हणेल, विदर्भाला निदान स्वतंत्र संघ तरी आहे. खरं आहे आणि ते भाग्यच आहे. महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात. उत्तर प्रदेशला वीस कोटी लोकांमागे एकच संघ, म्हणजे एका जागेमागे १ कोटी ८१ लाख माणसं. त्या मानाने विदर्भातल्या २१ लाखांमागे एक जागा म्हणजे मोकळीक. पण दुसऱ्या बाजूलाही बघावं. २०१८-१९ पासून सिक्कीम आणि मिझोराम रणजीत खेळतात. २०११ मध्ये सिक्कीमची लोकसंख्या ६ लाख १० हजार होती, मिझोरामची १० लाख ९७ हजार. दोन्ही आपल्या एका वाशिम जिल्ह्यापेक्षा लहान. मिझोरामच्या अकरा पोरांना रणजीचा सामना मिळतो याचा मला आनंदच आहे. मिळायलाच हवा. मात्र त्यामुळे वाशिमचा प्रश्न आणखी ठळक होतो.

वाशिमचा प्रश्न गुणाचा नाही, चेंडूंचा आहे. नागपुरातल्या अकादमीत जाणारा बारा वर्षांचा मुलगा घ्या. पावसाळ्याच्या शंभर दिवसांत छपराखालच्या नेटमध्ये तो रोज २०० चेंडू खेळतो असं धरू. एका पावसाळ्यात २० हजार चेंडू. बारा ते अठरा या सहा वर्षांत १ लाख २० हजार. आता मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातला त्याच वयाचा मुलगा. जून लागला की आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, बुटाला किलोकिलोने चिकटते, आणि गावाबाहेरचं मैदान दिवाळीपर्यंत खेळायच्या कामाचं राहत नाही. रणजीच्या तयारीचे नेमके हेच महिने. या पोराच्या वाट्याला पावसाळ्यात लेदरचे किती चेंडू आले? शून्याच्या आसपास. तो उन्हाळ्यात टेनिस चेंडूवर गल्लीत आणि यात्रेच्या स्पर्धांत खेळतो, लांब षटकार मारतो, बक्षिसं घेतो. पण गवत राखलेल्या, रोलर फिरवलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसा येतो ते त्याला ठाऊक नसतं. निवड चाचणीला तो उभा राहतो तेव्हा त्याची अडचण समोरचा गोलंदाज नसतो, नागपूरच्या मुलाने आधीच खेळलेले ते १ लाख २० हजार चेंडू असतात. मालेवारने अंतिम सामन्यात जे २८५ चेंडू खेळले ते असल्या ढिगाच्या टोकावर असतात.

दुसरी अडचण रस्त्याची. वाशिमहून नागपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, वेळ वाचतो, पण अंतर वाचत नाही आणि पैसा तर नाहीच. शनिवार-रविवारच्या सरावासाठी सोळा आठवडे जाऊन-येऊन केलं तर आठ हजार किलोमीटर होतात. ज्या घरात सोयाबीन विकून पोराचं किट घ्यायचं आहे तिथे आधी हा हिशेब मांडला जातो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. उलट टोकाला काय आहे तेही सांगायला हवं. २०२१-२२ पासून रणजीत नवख्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मानधन मिळतं, वीसपेक्षा जास्त सामने झाले की ५० हजार, चाळीसनंतर ६० हजार. एका चार दिवसांच्या सामन्याचे नवख्याला १ लाख ६० हजार. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने ही रक्कम जवळजवळ ३३ क्विंटल सोयाबीनची होते. म्हणून घरच्यांना हा नाद परवडत नाही आणि सोडवतही नाही.

गर्दीतून उशिरा दिसलेला खेळाडू कुठवर जातो याला विदर्भाकडेच पुरावा आहे. उमेश यादव नागपूरजवळच्या खाणकामगारांच्या वस्तीत वाढला. टेनिस चेंडूवर वेगात टाकायचा, लेदरचा चेंडू त्याच्या हातात आला तोच विशीच्या उंबरठ्यावर. २००८ मध्ये तो पहिला रणजी सामना खेळला आणि २०११ मध्ये पहिली कसोटी. पुढे ५७ कसोटींत १७० बळी. कोणीतरी एका दुपारी त्याला टाकताना पाहिलं नसतं तर? नागपूर त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, तिथले क्लब होते, बघणारे डोळे होते. तसाच चेंडू टाकणारा मुलगा आज मानोऱ्यात असेल तर त्याला बघणारे डोळे अडीचशे किलोमीटर लांब आहेत.

खेळण्याच्या वयाचे पुरुष जिल्ह्यात किती असतील याचा ढोबळ अंदाज करता येतो. लोकसंख्येच्या साधारण दोन टक्के लोक एकेका वयाचे धरले, त्यात निम्मे मुलगे, आणि अठरा ते छत्तीस हे वय धरलं, तर वाशिम जिल्ह्यात दोन लाखांहून जास्त. मुलींचा हिशेब यात नाही, तो वेगळा लेख होईल. २०१७ च्या विश्वचषकाच्या भारतीय संघात नागपूरची मोना मेश्राम होती एवढं सांगितलं तरी पुरे. या दोन लाखांतल्या एकाचं नाव जर त्या तीसांच्या यादीत एकतिसावं म्हणून घातलं, तर संभाव्य संघांची संख्या ५ कोटी ४६ लाखांवरून ८ कोटी ४६ लाख ७२ हजार ३१५ वर जाते. ३ कोटी ४५ हजार १५ नवे संघ, आणि त्यातल्या प्रत्येकात तो वाशिमचा मुलगा आहे. अकरांत जागा मागण्याआधी आपण ही जागा मागायला हवी.

ती मागायची कशी, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. विदर्भ क्रिकेट संघटनेने मोसमापूर्वीची एक तरी खुली चाचणी वाशिममध्ये घ्यावी, आणि नावं मागवून नव्हे, निवडकर्त्याने प्रत्यक्ष दोन दिवस बांधावर बसून. जिल्ह्याने एक तरी छपराखालची नेट उभी करावी, जिथे जून ते सप्टेंबर लेदरच्या चेंडूवर सराव होईल. लाखभर चेंडूंची तूट भाषणांनी भरून निघत नाही. तिथे रोज चेंडू टाकावे लागतात.

आणि पाटणी चौकात, रिसोडात, कारंज्यात रोज संघ निवडणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुमचं काम यापेक्षा कमी नाही. तुम्हाला तायडेचा फॉर्म माहीत आहे, दुबेचे बळी तोंडपाठ आहेत, यश राठोडने २०२४-२५ च्या मोसमात ९६० धावा केल्या हेही तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. आता जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा पुढचा सामना असेल त्या दिवशी मैदानावर जा. सोबत वही न्या. कोणी किती चेंडू खेळले, कोणी किती षटकं कशी टाकली ते लिहा, चांगल्या पोराच्या दहा-बारा चेंडूंचं चित्रण मोबाइलवर घ्या, आणि नाव, वय, गाव, आकड्यांसकट ते नागपूरला पाठवा. एकदा उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा.